दुसरं पॅनेल

"धरलंस का?" त्याने छपरावरून विचारलं.

"धरलंय," खालून, ट्रेलरच्या आतून बायकोचा आवाज आला.

त्याने बोल्ट पिळला. गाडीच्या मागे जोडून न्यायचं ते छोटंसं घर अंगणात उभं होतं, चाकांना दगड लावून. छप्पर पातळ. नुसत्या स्क्रूवर भरवसा ठेवला तर सोलर पॅनेल भर रस्त्यात मागून येणाऱ्याच्या काचेवर जायचं. म्हणून तो आरपार बोल्ट घालत होता. हे एकट्याचं काम नव्हे. एकाने वरून पिळायचं आणि दुसऱ्याने आत बसून, छताशी पाना लावून नट धरायचा; नाहीतर दोन्ही एकत्र नुसते गरगर फिरतात.

"घट्ट?"

"घट्ट."

शिडीपाशी मेहुणा उभा होता, बायकोचा धाकटा भाऊ. सामान त्यानेच आपल्या टेम्पोतून आणलं होतं.

"भावोजी, आता पुरे करा. वादळ आलं तर ट्रेलर उडून जाईल आणि पॅनेल तिथंच हवेत राहील."

"राहू दे. निदान दिवे तरी लागतील."

आत बायको हसली.

पॅनेल बसलं. त्याने ते दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं. पॅनेल ढिम्म, ट्रेलरच हलला. मग त्याने शेजारी दुसऱ्या पॅनेलच्या खुणा केल्या आणि तिथंही भोकं पाडली. नोकरी संपल्यापासून त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. समुद्राच्या कडेकडेनं जायचं, वाटेल तिथं थांबायचं, दोघांनीच. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं.

"हं, आता दुसरं दे वर."

मेहुणा शिडीची पायरी पुसू लागला.

"अरे, दुसरं पॅनेल. टेम्पोत असेल बघ."

"ते घेतलंच नाही, भावोजी. ताई म्हणाली, एक बास."

"ताईला काय कळतंय यातलं! एकावर दिवे, पंखा आणि फ्रीज. दुसरं तिच्याच मशीनसाठी होतं ना."

झोपताना तिला नाकावर मास्क चढवून श्वासाचं मशीन लावावं लागे. ते रात्रभर चालायचं. पॅनेल दोन हवीत, हे त्याने त्यावरूनच ठरवलं होतं.

तो छपरावर पालथा झाला आणि कडेवरून डोकं खाली सोडून खिडकीत डोकावला. ती आत गादीवर बसली होती, पाना मांडीवर ठेवून.

"अगं, एकच पॅनेल घेतलं तर तुझं मशीन कशावर चालणार?"

"घरातल्या प्लगवर," ती म्हणाली.

मेहुणा शिडी सोडून टेम्पोकडे गेला. त्याला तिथं अचानक काहीतरी शोधायचं होतं.

"म्हणजे तू येत नाहीस?"

"तुम्ही जाऊन या. तुमची हौस आहे."

"हे कधी ठरवलंस?"

"ठरवायचं काय त्यात? मला कधी जायचंच नव्हतं."

त्याच्या डोक्यात रक्त उतरत होतं. तरी तो तसाच लोंबकळत राहिला.

"त्याला माहीत होतं?"

"त्याला सांगावंच लागलं. सामान तो आणणार होता."

"आणखी कोणाला?"

"लेकीला." तिने मांडीवरचा पाना बाजूला ठेवला. "शेजारच्या काकूंना."

"आणि मघापासून इथं बसून नट धरतेस?"

"तुम्ही घट्ट का म्हणून विचारत होता," ती म्हणाली. "तेवढंच विचारत होता."

त्याने डोकं वर घेतलं. तापलेल्या पत्र्यावर तो उताणा पडून राहिला. खिडकीच्या पडद्यांचं कापड तिने दुकानं पालथी घालून निवडलं होतं. पहिला रंग फार मळखाऊ दिसतो म्हणून बदलूनही आणला होता. गादीवर आपण खिडकीकडे झोपणार, हेही तिनेच सांगितलं होतं. ते सगळं सांगताना तिचा चेहरा कसा होता, हे तो आठवून पाहू लागला. त्याला आठवेना. तो तेव्हा बहुधा नकाशा बघत असावा.

आत ती जागची उठली नव्हती. ऊन डोक्यावर आलं होतं. दुसऱ्या पॅनेलसाठी पाडलेल्या भोकांतून उन्हाचे बारीक दोरे सरळ खाली गादीवर उतरले होते. ते तिला आत्ता दिसले.

वर गुडघे सरकल्याचा आवाज झाला. एक दोरा नाहीसा झाला. भोकाच्या तोंडाशी सीलंटचा पांढरा ठिपका दिसला. मग दुसरा दोरा गेला. तो घाई करत नव्हता. एकेक भोक भरायचा, बोटाने सारखं करायचा, पुढच्याकडे जायचा.

शेवटच्या दोऱ्याखाली तिने हात धरला. तळव्यावर उजेड पडला.

"अहो," ती म्हणाली.

वरचा आवाज थांबला.

मग तिच्या तळव्यावरचा उजेड गेला.