आपणहून बोलला तर

हर्षलनं मडक्यात तोंड घालून पोटातून आवाज काढला, तेव्हा ज्ञानेश्वरीबाई त्याला रागवायच्याच बेतात होत्या. पक्ष्याला बोलवायचं नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. त्यांनी रागवायला तोंड उघडलं आणि माळाच्या पूर्वेकडून उत्तर आलं.

हूंऽऽम.

श्रीगोंद्याच्या त्या माळावर नुकतं फटफटत होतं. गुडघाभर धुकं, त्यावर तरंगणारे गवताचे शेंडे. लपणात, म्हणजे गवतानं शाकारलेल्या त्या खोपटात, दोघंही हलले नाहीत. विणीच्या दिवसांत माळढोकाचा नर असाच बोलतो. विहिरीच्या तळाशी बसून कुणी हुंकार भरावा तसा.

"रोज उत्तर देतो, मॅडम," हर्षल कुजबुजला. "नियम मोडला, मान्य. पण आहे ना तो?"

बाईंना मान हलवावीशी वाटली. माळढोक म्हणून आलेले कितीतरी मोर, करकोचे आणि एकदा तर घोंगडी पांघरून बसलेला एक माणूस त्यांनी आजवर खोडला होता. शास्त्रज्ञांवर देखरेख करायची म्हणजे मुख्यतः त्यांची आशा खोडायची, आणि त्यात बाईंचा हात कुणी धरत नसे. आत्ता मात्र त्याच हातावर काटा उभा राहिला होता.

तेवढ्यात मोबाईल थरथरला. माळाच्या पूर्व टोकाला दुसरं लपण होतं आणि त्यात रेश्मा होती. हंगाम संपेपर्यंत दोघांनी नोंदींविषयी एकमेकांशी बोलायचं नाही, एकाची आशा दुसऱ्याला लागायला नको, हाही नियम बाईंचाच. रेश्मानं लिहिलं होतं की पश्चिमेकडून आत्ताच नर बोलला. तिनं बोलावलं आणि त्यानं उत्तर दिलं. सॉरी, पण तो रोज देतो.

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. रेश्माचा नर त्यांच्यासमोर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मिशीला मडक्याची माती लागली होती.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण उद्या माळढोकांच्या गणनेचा शेवटचा दिवस. उद्यापर्यंत नराची नोंद झाली नाही तर लपणं उतरवायची आणि माळ सोलरच्या प्लेटांना मोकळा, असं वरून ठरून आलं होतं. हर्षल त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

"उद्या कुणी बोलवायचं नाही," बाई म्हणाल्या. "आपणहून बोलला तर धरू."

रेश्मालाही तेच कळवलं. दोघांनीही आनंदानं होकार दिला. रोज बोलणारा पक्षी उद्याच कशाला गप्प बसेल?

परतताना जीपचा चालक सहादेव गावाची खबर देत होता. सरपंचाच्या वाढदिवसाचा डीजे यंदा पार फाट्यावर नेला, पाखराला तरास नको. शेरडं पलीकडं वळवली. प्लेटांवाले जमिनीचं भाडं सांगायला आले होते, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

बाईंनी विचारलं, त्यानं स्वतः आवाज ऐकलाय का.

"व्हय की. आवाजावरनं तर म्हशीएवढं वाटतंय," सहादेव म्हणाला. "मधी आठवडाभर पडसं झाल्तं त्याला. आता बरं हाय."

त्याच आठवड्यात हर्षलनं सर्दीच्या गोळ्या मागवल्या होत्या.

दुसऱ्या पहाटे त्या एकट्याच माळाच्या दक्षिणेकडच्या खोलगटात जाऊन बसल्या. शांततेलाही साक्षीदार लागतो, असं त्यांनी सहादेवला सांगितलं आणि वाटेत स्वतःलाही. धुकं इतकं दाट होतं की आपलेच गुडघे दुसऱ्या कुणाचे वाटावेत. एक चंडोल गात गात वर चढला आणि तिकडंच राहिला. पश्चिमेला एक मुलगा ओठ घट्ट मिटून बसला होता, पूर्वेला एक मुलगी. उजेड वाढत गेला. कुणीच बोललं नाही.

शांतता अगदी खरी होती, निकषात बसणारी. ती सावकाश चालत आली आणि बाईंच्या मांडीवर बसली. जड, ऊबदार, एखाद्या मोठ्या पक्ष्यासारखी. बाईंना तिला उठवावंसं वाटेना आणि बसू द्यावंसंही वाटेना.

मग हूंऽऽम झालं.

फार जवळून. इतक्या जवळून की बाईंच्या बरगड्या थरथरल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. गवत होतं तसंच होतं. त्यांचे दोन्ही तळवे मात्र तोंडाभोवती होते आणि घसा खवखवत होता.

मोबाईल लागोपाठ थरथरला. हर्षलनं लिहिलं होतं, आपणहून बोलला, मॅडम, मी बोलावलं नव्हतं, दिशा आग्नेय. रेश्मानं लिहिलं होतं, नैऋत्येकडून, आपणहून, मी रडतेय, सॉरी.

दोन माणसं, दोन जागा, आपसात बोलणं नाही. नियमाप्रमाणे कुठंच बोट ठेवता येत नव्हतं. बाईंनी मनातल्या मनात दोन रेघा ओढल्या. त्या खोलगटात येऊन मिळाल्या, बरोबर त्या बसल्या होत्या तिथं.

धुकं विरायला लागलं. दोन्ही लपणांतल्या दुर्बिणी आता इकडंच वळल्या असणार. ज्ञानेश्वरीबाईंनी मान हळूच गवताखाली घेतली, अंग चोरलं आणि जराही न हलता बसून राहिल्या.