चारचौघांत

तिने पोरीला कॉलरला धरून कठड्यावरून खाली ओढलं. "घरी चल, तंगडीच मोडते तुझी," असं ओरडून सुरुवात केली आणि मग पोरीची अक्कल, शाळेतले मार्क, परगावी नोकरी करणारा बाप, सगळं एकेक करून चव्हाट्यावर मांडलं. पोरगी हमसून हमसून रडत होती.

उड्डाणपुलाची दोन टोकं समोरासमोर येऊन थांबली होती. मधे पुरुषभर फट, खाली भाल्यासारख्या उभ्या सळया. ठेकेदार पैसे घेऊन गेला होता, आणि गल्लीतली पोरं रोज संध्याकाळी या टोकावरून त्या टोकावर उड्या मारत होती. पोरीच्या आईने पालिकेत तक्रार केली होती. पालिकेने 'धोका' अशी पाटी लावली. पोरांनी पाटीला टेकून फोटो काढले.

कप्तान केव्हाच उडी मारून पलीकडे पोचला होता. सगळ्या टोळीत उंच, बेदरकार, म्हणून कप्तान. तिथूनच त्याने हाळी दिली, "जल्लाद आली रे. माना तयार ठेवा." पोरं खिदळली. एकदोघांनी मात्र पोरीकडे कीव आल्यासारखं पाहिलं. अशी आई वैऱ्यालाही मिळू नये, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

दोघींची स्कूटर पेट्रोल पंपाच्या वळणावरून आत वळली आणि पोरीचं रडणं थांबलं. तिने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

"आज आवाज बसल्यासारखा वाटला," ती म्हणाली. "जरा दमदार ओरडत जा ना. लोकांना पटायला नको?"

आई म्हणाली, घसा धरलाय. पोरगी म्हणाली, मग गुळण्या कर. आणि ते 'कार्टी' वगैरे नको म्हणूस, फार जुनाट वाटतं.

हे असं गेल्या पावसाळ्यापासून चाललं होतं. आई हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायची. गरम पाण्याची बादली, ओल्या पट्ट्या आणि तुटलेली माणसं, हे तिचं रोजचं काम. प्लास्टर सुकेपर्यंत माणसाला हलता येत नाही. पळून जायला वाट नसली की पोरं खरं बोलतात. तिने कितीतरी पोरांना विचारलं होतं, बाबा रे, पडशील हे कळलं नव्हतं का? कळलं नव्हतं असं एकही म्हणालं नाही. सगळ्यांना नीट कळलं होतं. फक्त सगळे बघत होते. मोठ्यांना वाटतं पोरांना अक्कल नाही. अक्कल असते. चार मित्रांसमोर ती गिळावी लागते, एवढंच. आणि मोठी माणसं साहेबासमोर रोज काय वेगळं गिळतात?

मग एक दिवस त्याच टेबलावर तिची स्वतःची पोरगी आली. मनगट मोडलेलं. जिन्यावरून पडले म्हणाली. आईने पट्ट्या गुंडाळल्या आणि सुकायची वाट बघत बसली. बऱ्याच वेळाने पोरगी म्हणाली, "मला उडी मारायचीच नव्हती गं. पण नाही कसं म्हणणार? तू येऊन ओढून नेलं असतंस तर तुझ्या नावावर खपलं असतं."

तेव्हा ठरलं. पोरीचा नंबर जवळ आला की ती मेसेज करणार, 'माझा निळा शर्ट कुठाय?' घरात निळा शर्ट नव्हता. आईने हातातलं काम टाकून निघायचं, वाटेत संताप गोळा करायचा आणि पुलावर जाऊन तमाशा करायचा. नंतर चौकशी नाही, उपदेश नाही. उपदेश टाळणं तेवढं जड जायचं, जीभ शिवशिवायची.

गल्लीत तिची छी थू झाली. नणंद एकदा मुद्दाम घरी येऊन सांगून गेली, की वहिनी, चारचौघांत लेकराचा असा पाणउतारा करू नये, मनावर परिणाम होतो. तिने चहा दिला आणि ऐकून घेतलं. बाकीची पोरं पुलावर उरायची, हे तिला दिसत होतं. पण परक्या पोरांना कुठवर हाकलणार? हाकलली की दुसऱ्या दिवशी परत. आपली वाचली, बस झालं. ती संत नव्हती.

पुलावरच्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा पेशंट गेला आणि दारात कप्तान उभा राहिला. सवयीने तिने आधी त्याचे हातपाय पाहिले. कुठे सूज नव्हती.

"काय मोडलं?"

"अजून काही नाही."

त्याने आत येऊन दार लोटलं. घसा खाकरून म्हणाला, की तुम्ही बरोबर तिच्या नंबरालाच येता. आधी नाही, नंतर नाही. मला कधीच कळलंय, ती तुम्हाला बोलावते.

तिचे हात बादलीतच राहिले. हे पुलावर फुटलं तर पोरीची वाट बंद. पुढच्या वेळी तिला उडी मारावीच लागणार, आणि हसणाऱ्यांचं तोंड बंद करायला सगळ्यात लांब मारावी लागणार. हा मुलगा आता काय मागतो, याचा तिने झरझर विचार केला. मागेल ते द्यायची तिची तयारी होती.

"कोणाला सांगितलंस?"

त्याने मान हलवली. नाही. कोणालाच नाही.

"मग काय पाहिजे तुला?"

तो टेबलाजवळ आला. मिसरूड अजून नीट फुटलेलं नव्हतं. एवढ्या जवळून तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

"पहिली उडी माझी असते, काकू," तो म्हणाला. "जरा लवकर येत जाल का?"