हाताला चिकटतं

"सिस्टरच्या हाताला चिकटतं गं," आई फोनवर कुजबुजली. "महिनाभर बघतेय. तू येऊन जा बाई." आणि तिने फोन ठेवून दिला.

एवढं ऐकल्यावर कुणाच्याही डोळ्यांपुढे काय येईल? कपाटच की. लेकीने 'आईला बरं नाही' असं साहेबांना सांगून अर्धी रजा टाकली. ऑफिसपासून आईचं घर वीस मिनिटांवर. पोचायला तिला दोन तास लागले.

दार सिस्टरने उघडलं. ती पूर्वी हॉस्पिटलात नर्स होती, आता चार महिने दिवसभर आईजवळ असायची.

"पाणी देऊ, ताई?"

"नको. तुम्ही जरा इथेच बसा."

सिस्टर बसली. तिला पाठवणाऱ्या संस्थेचा नियम सरळ होता. घरच्यांनी नुसता संशय कळवला तरी काम बंद, आणि मग दुसरं कुणी दारात उभं करत नाही. दोन मुलींची शाळा त्या एका पगारावर चाललेली. लेकीला हे सगळं ठाऊक होतं.

आई पलंगावर उशांना टेकून बसली होती.

"आई, संस्थेत कळवलंस का?"

"नाही गं."

"आणि धाकट्याला?" धाकटा म्हणजे तिचा भाऊ, भलता तापट. तो थेट पोलिसांतच गेला असता.

"छे! तुलाच सांगितलं. तू थोरली."

"बरं केलंस." लेकीच्या जिवात जीव आला. "उगाच कुणाच्या पोटावर पाय यायला नको. आधी मी कपाट बघते. एकटीच बघते."

"बघ की. किल्ली खिळ्याला आहे."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. कपाट करकरलं. बाहेर सिस्टर टॉवेलच्या घड्या घालत बसली. घातलेलीच घडी मोडायची, पुन्हा घालायची. आई छताकडे बघत होती.

पाच मिनिटांनी लेक बाहेर आली. कपाळावर घाम, पण चेहरा एकदम मोकळा.

"सगळं जागच्या जागी आहे, आई. दागिने, चांदीची भांडी, बाबांचं सोन्याचं घड्याळ. काही म्हणजे काही गेलेलं नाही."

"भांडीसुद्धा?"

"हो हो, सगळं."

"मग झालं तर. पण तू कपाटात शोधत काय होतीस?"

"काय म्हणजे? तूच म्हणालीस ना, सिस्टरच्या हाताला चिकटतं!"

"अगं माझे आई! बॅटरी!" आईने उशीखालून बाबांची जुनी बॅटरी काढली. काळी, जाडजूड, वरून रबरासारखा मऊ लेप दिलेली. रात्री उठताना लागते म्हणून ती कायम उशाशी असायची. "ही गं ही! माझ्या हाताला चिकटते, तिच्या हाताला चिकटते. धर, तुझ्याही चिकटेल."

चिकटली. लेकीची चारही बोटं काळी झाली.

"मग 'चिकटते' म्हणायचं ना! 'चिकटतं' काय?"

"शिकव आता, या वयात व्याकरण शिकव मला!"

लेक हसत सुटली, इतकी की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टरने मात्र टॉवेलमध्ये तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे गदगदत होते. लेक तिच्याजवळ जाऊन बसली.

"रडू नका हो, सिस्टर. माझंच चुकलं. तुमच्याबद्दल असं मनात यायला नको होतं."

"जाऊ द्या, ताई," सिस्टर टॉवेलमधूनच म्हणाली.

मग तिघींनी मिळून बॅटरीलाच हात घातला. आईने मागे तिला पावडर फासून पाहिली होती, त्याने आणखीच लगदा झालेला. "असला लेप जुना झाला की पाघळतोच," सिस्टर म्हणाली. "वॉर्डातल्या बॅटऱ्यांचं असंच व्हायचं. साबणाला दाद देत नाही. स्पिरिटच पाहिजे." तिने कापूस आणि इंजेक्शनच्या वेळचं स्पिरिट आणलं. आधी सेल काढून ठेवले आणि खिडकी उघडली. एकीने धरायचं, दुसरीने घासायचं. काळ्या वळ्या निघत होत्या. अर्धा पुडा कापूस संपला तेव्हा खालचं कडक, गुळगुळीत प्लॅस्टिक दिसायला लागलं.

"कात टाकली गं हिने!" आई म्हणाली.

हुरूप आला तशी छत्रीची मूठही घासून झाली. रेडिओचं बटण तेवढं हातात आलं, पण आज कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

शेवटी आईने लेकीचा हात मांडीवर घेतला आणि तिची बोटं पुसायला लागली.

"बांगडी कुठंय गं तुझी? सोन्याची?"

"काढून ठेवली. कीबोर्डवर वाजते."

आई एकेक बोट पुसत राहिली. मग म्हणाली, "वाळलीस. जेवून जा."

लेक जेवली, दोनदा वाढून घेतलं. निघताना तिने सिस्टरचे दोन्ही हात धरले. "तुमच्यासारखं माणूस मिळायला भाग्य लागतं." मग आईच्या गळ्यात पडली. "आज कसं सुटल्यासारखं वाटतंय, आई." जिना उतरताना ती गुणगुणत होती. वरपर्यंत ऐकू येत होतं.

खालचं फाटक वाजलं तशी सिस्टरने आतून कडी लावली. मग आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं आणि घड्याळ आणून आईच्या हातात दिलं. आईने ते कानाशी धरलं. बराच वेळ धरलं.

"आलं बाई," ती म्हणाली. "आता धाकट्याला फोन लाव. चांदीचं तबक अजून यायचंय."