हलवून बघायचं

रॉकेलमध्ये धुतलेले दोन जाड बोल्ट हातात घेऊन मुलगी अंगणात आली, आणि तिला भिंतीपाशी दोन्ही घोड्या उभ्या दिसल्या.

जीप जॅकनं उचलली की तिचं वजन या लोखंडी घोड्यांवर टेकवायचं आणि मगच खाली शिरायचं. मघाशी बदलायला आणलेला दुसरा गिअरबॉक्स चासीखालून आत जाईना, म्हणून जीप आणखी चार बोटं उचलायला बाबांनी घोड्या काढल्या होत्या. त्या तिथेच राहिल्या. जीपचं पुढचं सगळं धूड एकट्या जॅकवर उभं होतं आणि खालून बाबांचे दोन पाय बाहेर आले होते.

“आलीस का?” खालून आवाज आला. “म्हातारी आज फार नखरे करतेय. गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनाच्या तोंडाशी येऊन अडलाय. एक धक्का दिला की जाईल बघ.”

त्यांनी धक्का दिला. शाफ्ट काही गेला नाही, म्हातारी जीप मात्र जॅकवर डुलली. जॅकमधून तेल गळून खाली बशीएवढा डाग पडला होता.

चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला हा माणूस. तिला पान्यांचे नंबर शिकवायच्या आधी त्यांनी बंपर धरून गाडी गदागदा हलवायला शिकवलं होतं. “हलवून बघायचं आणि मगच खाली जायचं. कोणी सांगू दे ठीक आहे म्हणून. गाडीखाली जाताना बापावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही,” असं म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे.

हे हल्ली विसरतात गं, असं आई महिनाभर सांगत होती. गॅस बंद करायला कोण विसरत नाही, असं म्हणून तिनं उलट आईलाच गप्प केलं होतं.

ओरडावं तर बाबा दचकणार, घाईनं सरकायला जाणार, आणि गुडघ्यावर तोलून धरलेला गिअरबॉक्स अंगावर येणार. नाहीतर जीपच. ओठांवर आलेली किंकाळी तिनं गिळली.

“बाबा, ढकलू नका,” ती जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली. “दाते जुळत नसतील. मी पुढून इंजिनाची पुली फिरवते. तुम्ही नुसतं धरून थांबा. अजिबात हलू नका.”

“हां! आता शोभलीस मेकॅनिकची पोर.”

चपला काढून तिनं एक घोडी उचलून आणली. घोडीचा दांडा वर ओढला तर तो हातातून सुटून खाली बसला. तो वर अडवून धरणारी पिन जागेवर नव्हती. दुसरीचीही नव्हती. डब्यात नाही, पत्र्याखाली नाही, जमिनीवर नाही. जीप नखभर खाली आल्यासारखी वाटली. भास असेल, नसेलही.

“फिरव की गं! हात भरून आले माझे.”

“फिरवते. पान्याला पकड येत नाहीये.” बाबांना ऐकू जावं म्हणून तिनं पाना पुलीवर दोनदा वाजवला. वाजवताना डाव्या मुठीतले बोल्ट तळव्याला रुतले, तेव्हा कुठे तिला त्यांची आठवण झाली. काखेत कळसा अन् गावाला वळसा. तिनं एक बोल्ट घोडीच्या भोकात घातला. थोडा सैल, पण गेला. घोडी चासीखाली सरकवली. मग जीव मुठीत धरून पलीकडच्या बाजूला दुसरी. वर बोटभर फट राहिली, ती तिनं राहू दिली.

मग तिनं पुली खरोखरच फिरवली.

“अजून थोडं... अजून... गेला!” बाबांनी आतून जोर लावला, जॅकनं फुस्स केलं आणि जीप खाली येऊन धाडकन घोड्यांवर बसली.

“काय गं झालं?”

“काही नाही. तुम्ही बोल्ट लावून घ्या,” ती म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसली.

चार बोल्ट लावून बाबा सरपटत बाहेर आले. पोराच्या बारशाला आल्यासारखा चेहरा फुललेला. घाम पुसायला त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमाल ओढला, तशा रुमालाबरोबर दोन पिना बाहेर आल्या आणि फरशीवर खणखणल्या.

बाबांनी वाकून त्या उचलल्या. पिनांकडे बघितलं, मग घोड्यांकडे, मग पार बसलेल्या जॅककडे. घोड्यांमध्ये मुलीनं धुतलेले बोल्ट होते.

“आईला हे...” ते म्हणाले.

“सांगायला हवं, बाबा.”

त्यांनी मान डोलावली. आतून दुसरा जॅक आणला, जीप जरा उचलली, बोल्ट काढून पिना घातल्या, जीप पुन्हा घोड्यांवर टेकवली. सगळं नेहमीसारखं, फक्त फार सावकाश. शेवटी बंपर धरून जीप हलवली आणि बोल्ट तिच्या हातात दिले.

“ठीक आहे. आता तू जा खाली. हे दोन गिअरबॉक्सच्या मागच्या पट्टीला लाव.”

ती चटईवर आडवी झाली आणि सरकू लागली, तेवढ्यात त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“काय शिकवलंय तुला?”

तिनं वर बघितलं. “बाबा, तुम्ही आत्ताच हलवून बघितलीत.”

“बापावरसुद्धा नाही,” ते म्हणाले.

ती उठली. दोन्ही हातांनी बंपर धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून जीप हलवून बघितली. जीप तसूभरही हलली नाही. बाबा तिच्या हातांकडे बघत उभे होते. या वेळी ते हसले नाहीत.