आत माणूस आहे

गोण्यांच्या थप्पीमागे रेहानाला बूट हलताना दिसला.

कागलच्या पशुखाद्य कारखान्यात तिचा तो आठवा दिवस होता. गोण्या रचणारा रोबो अडकला, म्हणून फिटर चौगुलेबापू फाटकी गोणी काढायला जाळीच्या आत गेले होते. ते बाहेर आले असं समजून सुपरवायझरने दार लावलं आणि मशीन सुरू केलं. पन्नास किलोची गोणी घेऊन लोखंडी हात थप्पीकडे वळला.

उगाच मशीन थांबवलं तर नोकरी जाईल, अशी तिला धास्ती होती. तरी ती धावली आणि तिने लाल बटणावर तळहात मारला.

"कुणी बंद केलं?" सुपरवायझर ओरडत आला.

"आरं, मी हाय की अजून आत!" थप्पीमागून आवाज आला.

भुशाने माखलेले बापू उठले. डोक्यावर हातभर अंतरावर गोणी लटकत होती. ती बघून ते मटकन खाली बसले आणि हसायलाच लागले. सुपरवायझरने आत जाऊन त्यांना मिठी मारली. मग तो रेहानाला म्हणाला, "ताई, चूक माझी. पुन्हा शंका आली तर बेधडक दाबा." सगळ्या शेडने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंची बायको गरम धपाट्यांचा डबा घेऊन गेटवर उभी होती.

"तूच का गं रेहाना? आधी तुझं तोंड बघू दे मला."

तिने रेहानाच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"बघ, दहाच्या दहा वाजली!"