बारावा व्हॅक्यूम क्लीनर

अर्पिता मॅडमची गाडी पिंपळगाव रेणुकाईत शिरली, तेव्हा धर्मराज बाराव्या व्हॅक्यूम क्लीनरवर शेवटचा हात फिरवत होता. आधी चिंच, मग राख, वरून जुन्या धोतराचा बोळा. मशीन लावून पॉलिश करणाऱ्यांना तो माणसात धरत नसे.

जालन्याच्या भट्टीत वितळायला निघालेली ही जुनी धातूची यंत्रं तो भंगारातून पोत्यानं आणायचा. गावात एकाच्याही घरी व्हॅक्यूम क्लीनर नव्हता, त्यामुळं स्पर्धाही नव्हती. आज मॅडम पुण्याच्या संग्रहालयासाठी एक निवडणार होत्या. त्याखालच्या पाटीवर धर्मराजचं नाव लागणार होतं. आजवर ते फक्त मतदार यादीत लागलं होतं.

बायकोला, नंदाबाईला, त्याचं काही पडलेलं नव्हतं. सासऱ्यांचा, म्हस्कूबांचा, पितळी फवारणी पंप पाच आठवड्यांपासून गायब होता आणि कपाशीवर तुडतुडे नाचत होते. पंप शेजारच्या चुलत दिरानं, तातेरावानंच ढापला, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

तिनं मॅडमना म्हस्कूबांचं नाव घातलेल्या तांब्यातून पाणी दिलं. अकरा क्लीनर बघून मॅडम बाराव्यापाशी थबकल्या. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता.

"हा फारच वेगळा आहे, काका."

"ह्याला मोटरच नव्हती. तांब्याच्या तारेपायी भंगारवाले काढून घेतेत. मंग मी मिक्सरची बसवली. पाच हप्ते झाले, घासून राह्यलो."

त्यानं बटण दाबलं. यंत्रानं ओट्यावरची धूळ, दोन शेंगा आणि मॅडमचा रुमाल बिनतक्रार ओढून घेतला. धर्मराजची छाती एवढी फुगली, की शर्टाचं एक बटण तुटलं. यंत्रानं तेही घेतलं.

मॅडमचं ठरलं. हाच.

बूड तेवढं त्यानं मुद्दाम हिरवं ठेवलं होतं, जुनेपणाचा पुरावा म्हणून. मॅडमनी ते ओल्या बोटानं पुसलं आणि चष्मा लावला.

"पाटीवर कंपनीचं नावही टाकावं लागेल," त्या म्हणाल्या आणि एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. "म्हस्कू... लिंबाजी... पिंपळगाव."

धर्मराजनं बोळ्याची नीट घडी घातली.

"जुनी कंपनी हाये," तो म्हणाला. "आता बंद पडली."

नंदाबाई उठली, कुंपणापाशी गेली आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिनं पलीकडं हाक दिली, "तातेराव भाऊजी, या जरा. चहा टाकलाय."