उजव्या हाताची लाट

"हात वर?" तिने विचारले.

शस्त्रवैद्यांनी आपली अवजारे रुग्णाच्या उघड्या मानेतून काढून अधांतरी धरली. "वर."

तिने कळ दाबली. हिरव्या कापडांखाली पालथा निजवलेला तो देह क्षणभर हिसकला. डोक्यावर टोचलेल्या सुयांतून विजेचा इवलासा धक्का मेंदूत शिरला, मेंदूचा हुकूम मानेतील मज्जारज्जूवाटे खाली धावला आणि स्नायूंनी त्याला दिलेला होकार तिच्यासमोरच्या पडद्यावर चार लाटा होऊन उमटला. दोन हातांच्या, दोन पायांच्या.

"चारही आहेत. चालू द्या."

मज्जारज्जूतील गाठ काढताना रुग्ण बेशुद्ध असतो. त्याचा हात निकामी होत असला तरी त्याला ओरडता येत नाही. त्याच्या वतीने ओरडणे हाच तिचा व्यवसाय होता.

आज टेबलावर तिचे भावोजी, ताईचे यजमान, होते. नाव वाचूनही तिने ही केस सोडली नव्हती, की कुणापाशी नात्याचा उच्चार केला नव्हता. भूल देण्यापूर्वी तिने नेहमीप्रमाणे आपली दोन बोटे रुग्णाच्या उजव्या मुठीत दिली होती. "दाबा." त्यांनी दाबली. मग मास्कवरचे तिचे डोळे त्यांनी ओळखले आणि ती मूठ थंडगार पडली.

"छोटी? तू... तू आत असणार?"

"शेवटपर्यंत, भावोजी," ती म्हणाली. पुढे काही बोलण्याआधीच भुलीने त्यांची वाचा बंद केली.

याच हाताने त्यांनी एकदा दार लावले होते, चौकटीत ताईची बोटे आहेत हे नीट पाहून. ती बोटे पुन्हा कधी वाकली नाहीत. तेव्हापासून ताई धाकटीच्या घरी राहत होती. आज सकाळी 'जरा बाहेर जाऊन येते' एवढेच म्हणून ती निघून गेली होती.

"हात वर?"

"वर."

या वेळी लाटा तीनच आल्या. उजव्या हाताची रेघ पाटीवर ओढल्यासारखी सरळ होती. सुई निसटली नव्हती, तारही जागच्या जागी होती.

"थोडीच राहिलीय," शस्त्रवैद्य मान न वळवता म्हणाले. "काढून टाकू ना?"

'हो' हा एका अक्षराचा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला. ताटाशी बसलेले भावोजी आणि त्यांच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखा पडलेला तो हात, हे चित्र तिने मनात कितीदा रंगवले होते!

"काढा हो, काढा," उशाशी बसलेले भूलतज्ज्ञ म्हणाले. त्यांना गप्प बसणे ठाऊकच नव्हते. "बाहेर याची बायको सकाळपासून बाक धरून बसलीय. अजब बाई! सही डाव्या हातानं केली, उजवी बोटं वाकतच नाहीत म्हणे. मी म्हटलं, बाई, याचा हात जाऊ शकतो. तर म्हणते, गेला तर मी भरवीन. कपड्यांची पिशवीसुद्धा भरून आणलीय. नशीब काढलंय गड्यानं!"

तिच्या मनातले चित्र एकाएकी पुरे झाले. ताटाशी भावोजी होते, मांडीवर तो निर्जीव हात होता, आणि समोर डाव्या हाताने घास भरवणारी ताई होती. त्याच घरात, त्याच दाराआड, जन्मभर. जिवंतपणी जो हात ताईला धरून ठेवू शकला नाही, तो मेल्यावर तिला ओढून नेणार होता.

"थांबा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की परिचारिकेच्या हातातली वाटी खणखणली. "उजवा हात गेलाय. अवजारं बाहेर घ्या. प्रेशर वाढवा!"

भूलतज्ज्ञांनी थट्टा सोडून रक्तदाब चढवला. शस्त्रवैद्यांनी जखमेत कोमट सलाईन सोडले. तिने पुन्हा कळ दाबली. रेघ सरळच होती. पुन्हा दाबली.

"ये," ती पडद्याशी दात आवळून पुटपुटली. "मेल्या, ये परत."

आणि त्या सरळ रेघेत एक बारीकसा उंचवटा आला. पुढच्या खेपेस तो वाढला.

"आली."

शस्त्रवैद्यांनी रोखलेला श्वास सोडला. "शाब्बास! घरच्या माणसासाठी ओरडावं तशी ओरडलीस."

भावोजी शुद्धीवर आल्यावर तिने त्यांच्या उजव्या मुठीत पुन्हा दोन बोटे दिली. "दाबा." त्यांनी दाबली. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारले. "छोटे, तुझे उपकार..."

"जोर पूर्ण आहे," तिने परिचारिकेला सांगितले आणि आपली बोटे काढून घेतली.

बाहेर बाकावर ताई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. धाकटीला पाहून ती चपापली. "अगं, तू होतीस आत?" आणि मग, खालच्या आवाजात, "हात?"

"शाबूत आहे. त्यांचं ते जेवतील. भरवायला कुणी लागणार नाही."

"बरं झालं," ताई म्हणाली. पण काहीतरी हिरावून घेतल्यासारखी ती पिशवीकडे पाहत राहिली. "तरी पण छोटे, एकट्यानं कसं व्हायचं गं त्यांचं?"

"दार लावायला एक हात पुरतो, ताई."

तिच्या पाठीमागे शस्त्रक्रियागृहाचे दार आपोआप मिटत आले. बाकापासून ते चांगले चार हात दूर होते. तरीही ताईने आपले दोन्ही हात झटकन छातीशी ओढून घेतले.